एरवाडीची साखळी आणि ‘अहलियत’चा प्रश्न : मनोरुग्णांच्या हक्कांचा एक इतिहास

६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तामिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्याच्या एरवाडी गावी एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली. छप्पर झावळ्यांचे होते, त्यामुळे आग पसरायला वेळ लागला नाही. आत राहणारे सर्व मनोरुग्ण होते आणि त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले होते. ज्यांच्या साखळ्या सैल होत्या त्यांतील काही निसटले. बाकीचे जागच्या जागी होरपळले. मृतांचा आकडा पुढे २८ वर गेला. या घटनेची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन जो खटला दाखल केला, त्याच्या शीर्षकात मात्र पहिल्या बातम्यांमधला ‘२५ साखळबंद रहिवाशांचा मृत्यू’ हाच आकडा कायमचा राहिला आहे.

एरवाडी हे हजरत सुलतान सय्यद इब्राहीम शहीद यांच्या दर्ग्याचे गाव. दक्षिण भारतातील हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती अशा सर्वच समाजांतील लोक घरातील ‘बाधा झालेल्या’ माणसाला तेथे घेऊन येत. दर्ग्याच्या दिव्यातील तेल आणि तेथील पाणी यांवर श्रद्धा असे. बुजुर्गांनी स्वप्नात येऊन परवानगी दिली की रुग्ण बरा झाला आणि घरी जायला मोकळा झाला, अशी समजूत होती. तोवर महिने जात, वर्षेही जात. नातेवाईकांना इतके दिवस राहणे शक्य नसे. म्हणून दर्ग्याच्या आसपास खाजगी आश्रयगृहे उभी राहिली. पैसे घेऊन रुग्णाला ‘सांभाळायचे’, हा त्यांचा व्यवसाय. ही गृहे दर्ग्याच्या व्यवस्थेचा भाग नव्हती, हा तपशील तेव्हाच्या बहुतेक वृत्तांतांतून गळून गेला आणि सारा दोष एका शब्दावर, ‘अंधश्रद्धा’ या शब्दावर, टाकून चर्चा आटोपली. आठवड्याच्या आत राज्य सरकारने तेथील सर्व आश्रयगृहे बंद केली. पाचशेहून अधिक माणसे सरकारच्या ताब्यात आली. त्यांतील काहींना चेन्नईच्या शासकीय मनोरुग्णालयात पाठवले, अनेकांना घरी.

५ फेब्रुवारी २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यात दिलेले निर्देश आजही वाचण्यासारखे आहेत. प्रत्येक राज्यात सरकारने चालवलेले किमान एक सुसज्ज मनोरुग्णालय असावे. साखळीने बांधणे बेकायदेशीर आहे याचा प्रचार व्हावा. रुग्णांना मंदिर, दर्गा अशा धर्मस्थळांकडे न नेता डॉक्टरांकडे न्यावे, हे लोकांना शिकवावे. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या निर्देशांमागे एक गृहीत आहे : साखळी धर्मस्थळात असते आणि सुटका इस्पितळात. हे गृहीत त्या वेळी उपलब्ध असलेल्या पुराव्याशी जुळत नव्हते.

दोनच वर्षे आधी, १९९९ मध्ये, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने बंगळूरच्या निम्हान्स संस्थेच्या मदतीने देशातील ३७ शासकीय मनोरुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली होती. त्यांतील ३८ टक्के इस्पितळांची बांधणी अजून तुरुंगासारखीच आहे, असे त्या अहवालात म्हटले होते. त्याही आधी, १९९७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेच रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांवर देखरेख ठेवण्याचे काम आयोगाकडे सोपवले होते, कारण तेथील अवस्थेबद्दलचे खटले वर्षानुवर्षे न्यायालयात होते. म्हणजे ग्वाल्हेरच्या सरकारी भिंतीआड आणि एरवाडीच्या झावळ्यांखाली स्थिती मुळात फारशी वेगळी नव्हती. फरक इतकाच की एकीकडे छप्पर पक्के होते.

इस्लामी वारशाचे दोन चेहरे

मुस्लिम शिक्षणसंस्थांच्या नियतकालिकांत या विषयावर लिहिताना बीमारिस्तानांचा उल्लेख येतो आणि तो यायलाही हवा. युरोपात वेड्याला अनेकदा भूतबाधा झालेला समजत असताना अब्बासी काळापासून मुस्लिम जगातील वैद्य वेडाकडे आजार म्हणून पाहत होते. दहाव्या शतकातील अबू झैद अल्‌बल्खी यांनी शरीराच्या आणि मनाच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिले. १२८४ मध्ये सुलतान कलावूनने कैरोत उभारलेल्या मन्सूरी इस्पितळात मनोरुग्णांसाठी वेगळा विभाग होता. आपल्या जवळचे उदाहरण मांडूचे. सुलतान महमूद खलजीने हिजरी ८४९ म्हणजे १४४५ च्या सुमारास शादियाबाद-मांडू येथे दारुश्शिफा उभारले आणि त्याची जबाबदारी मौलाना फजलुल्लाह हकीम यांच्याकडे सोपवली, अशी नोंद आहे. तेथे मनोरुग्णांवरही उपचार होत. इंदूरपासून शंभरेक किलोमीटरवरच्या त्या उजाड डोंगरी किल्ल्यावर फिरणाऱ्यांना जहाज महाल दाखवला जातो. दारुश्शिफाची आठवण क्वचितच कोणी काढतो.

मात्र ही केवळ गौरवगाथा करून थांबणे हा इतिहासावर अन्याय होईल. अंदलुसी प्रवासी इब्ने जुबैर ११८३ साली निघालेल्या हज-प्रवासात कैरो आणि दमास्कसच्या इस्पितळांची वाखाणणी करतो. त्याच वर्णनात तो कैरोतील लोखंडी गजांच्या खोल्याही नोंदवतो आणि दमास्कसमध्ये उपचार चालू असलेल्या वेड्यांना साखळ्यांनी बांधलेले असल्याचेही सांगतो. त्याला त्यात विसंगती वाटलेली दिसत नाही. औषध, आहार, वक्फचा खर्च, रोजची विचारपूस हे सर्व होते, आणि साखळीही होती. दया होती, परंतु ज्याच्यावर दया करायची त्याला काही विचारण्याची गरज कोणाला वाटली नव्हती. हीच गोष्ट लंडनच्या बेथलेमबद्दल, पॅरिसच्या बिसेत्रबद्दल आणि नंतर हिंदुस्थानातील कंपनी सरकारच्या आश्रयालयांबद्दलही म्हणता येते. म्हणून साखळीचा इतिहास हा एका धर्माचा वा एका संस्कृतीचा इतिहास नव्हे.

विचारण्याचा हा प्रश्न इस्लामी परंपरेत वैद्यांपेक्षा फकीहांनी अधिक बारकाईने हाताळला. उसूले फिकहमध्ये ‘अहलियत’ म्हणजे पात्रता. तिचे दोन प्रकार मानले गेले. ‘अहलियतुल वुजूब’ म्हणजे हक्क आणि दायित्वे धारण करण्याची पात्रता. ती माणूस असण्याबरोबरच येते, गर्भातल्या जिवालाही अंशतः असते, म्हणून त्याचा वारसाहक्क राखून ठेवला जातो. ‘अहलियतुल अदा’ म्हणजे स्वतःच्या कृतीने व्यवहार करण्याची, करार करण्याची, देण्याघेण्याची पात्रता. ती अकलेवर अवलंबून. मजनून म्हणजे वेडा मनुष्य मालक असू शकतो, वारस असू शकतो, परंतु त्याने केलेली विक्री वा दिलेला तलाक लागू होत नाही. झोपलेला, मूल आणि वेडा या तिघांवरून कलम उचलले गेले आहे, या आशयाच्या हदीसवर हा नियम उभा आहे. त्याच्या वतीने वली व्यवहार करतो. सूरह निसामध्ये कमअकल व्यक्तींच्या हाती मालमत्ता न सोपवण्याची आज्ञा आहे, पण त्याच आयतमध्ये त्यांना खाऊपिऊ घालण्याची, कपडालत्ता देण्याची आणि त्यांच्याशी भल्या शब्दांत बोलण्याचीही आज्ञा आहे. बोलण्याचा उल्लेख तेथे आहे, हे महत्त्वाचे.

परंतु सर्वांत विचार करायला लावणारा वाद ‘सफीह’ म्हणजे पैसा उधळणाऱ्या, अविचारी प्रौढ माणसाबद्दलचा आहे. त्याच्यावर ‘हजर’ म्हणजे व्यवहारबंदी घालावी काय? बहुसंख्य फकीह ‘होय’ म्हणतात. इमाम अबू हनीफा (रह.) यांचे मत वेगळे. पंचवीस वर्षांपर्यंत त्याची मालमत्ता त्याच्या हाती देऊ नये, पण त्यानंतर ती रोखता येणार नाही आणि प्रौढ, स्वतंत्र माणसाचा व्यवहाराचा अधिकार काढून घेता येणार नाही, असे ते मानत. ‘हिदाया’मध्ये मरगीनानी यांनी या मताचे जे कारण दिले आहे त्याचा आशय असा : माणसाचा अधिकार काढून घेणे म्हणजे त्याला माणुसकीच्या पायरीवरून खाली ढकलणे, त्याला जनावरांच्या ओळीत बसवणे, मालमत्तेच्या नुकसानीपेक्षा ही हानी मोठी आहे. इमामांचे दोन्ही शिष्य, अबू यूसुफ आणि मुहम्मद, या मताशी सहमत झाले नाहीत आणि पुढे फतवाही त्यांच्याच बाजूने गेला. एकोणिसाव्या शतकातील उस्मानी ‘मजल्ला’नेही सफीहवरील व्यवहारबंदी मान्य केली. शिवाय हे स्पष्ट सांगितले पाहिजे की, अबू हनीफा यांचे मत उधळ्या माणसापुरते होते. मजनूनच्या बाबतीत व्यवहारबंदीवर मतभेद नव्हता. तरीही ‘माणसाचे भले करण्यासाठी त्याचा निर्णयाधिकार काढून घ्यावा काय’ हा प्रश्न इसवी सनाच्या आठव्या शतकात कूफा शहरात इतक्या नेमकेपणाने विचारला गेला होता, ही गोष्ट पुढील भाग वाचताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो प्रश्न २००६ साली न्यूयॉर्कमध्ये परत आला.

आश्रयालय ते अधिनियम

इंग्रजी अमलात वेड्यांसंबंधीचे पहिले मोठे कायदे १८५८ चे. एक जिल्हा न्यायालयांनी वेड्याच्या मालमत्तेची व्यवस्था कशी लावावी याचा, दुसरा आश्रयालयांचा. दोन्हींचे मिळून रूप १९१२ च्या इंडियन लूनसी ॲक्टमध्ये आले. धारवाडचे आश्रयालय १८४५ चे, नागपूरचे १८६४ चे. पुढे रत्नागिरी, येरवडा, ठाणे येथील इस्पितळे आली. कायद्याला दोन चिंता होत्या : रस्त्यावरची शांतता आणि मालमत्ता. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाने माणूस आत जाई, आणि बाहेर यायला पुन्हा हुकूम लागे. ही गावे बोलीभाषेत थट्टेची झाली, ती त्यामुळेच. ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला पाठवा’ असे पुण्या-मुंबईकडे म्हणतात, तसेच इंदुरात बाणगंगेचे आणि हैदराबादेत एर्रागड्ड्याचे नाव घेतात. एखाद्या गावाच्या नावात समाजाने आपली भीती अशी साठवून ठेवावी, हे कायद्याच्या कलमांपेक्षा अधिक बोलके आहे.

स्वातंत्र्यानंतरही १९१२ चा कायदा चालूच राहिला. मानसिक आरोग्य अधिनियम १९८७ मध्ये मंजूर झाला आणि लागू व्हायला १ एप्रिल १९९३ उजाडला. त्याने खाजगी मनोरुग्णालयांना परवाना सक्तीचा केला. एरवाडीतील गृहांना तो नव्हता आणि आठ वर्षांत कोणी मागितलाही नव्हता. त्याच १९९३ मध्ये मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे घटनाबाह्य ठरवले. तोवर पश्चिम बंगालच्या तुरुंगांत अशी माणसे सर्रास ठेवली जात.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९९४ मध्ये, पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय संस्थेतील मतिमंद मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. मासिक पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण देण्यात आले. स्त्री-संघटनांनी तीव्र विरोध केला. शस्त्रक्रियांचे समर्थन करणारेही अनेक होते आणि त्यांत सुशिक्षितांची संख्या कमी नव्हती. मुलींचे मत कोणी विचारले नाही. ते विचारता येईल ही कल्पनाच तेव्हाच्या चर्चेत फारशी आढळत नाही. मतिमंदत्व आणि मनोविकार या दोन वेगळ्या अवस्था आहेत, परंतु निर्णयाधिकार काढून घेतला जातो तेव्हा दोन्हींची गत सारखीच होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने दोन्ही अवस्थांना अपंगत्वाच्या यादीत स्थान दिले, आणि मनोरुग्ण प्रथमच ‘रुग्ण’ या सदरातून अंशतः बाहेर येऊन हक्क असलेल्या समूहात मोजले गेले. चंदिगडच्या एका आश्रयगृहातील मतिमंद स्त्रीला तिच्या संमतीविना गर्भपात करायला लावता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट करायला २००९ साल यावे लागले.

मुस्लिम स्त्रियांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद अधिनियमाने, नवरा दोन वर्षे वेडा असल्यास पत्नीला विवाह रद्द करून मागण्याचा हक्क दिला. ही त्या काळी मोठी सुधारणा होती. उलट बाजूने, पत्नीवर ‘डोके फिरले आहे’ असा शिक्का मारून तिला माहेरी वा दर्ग्याच्या ओसरीवर सोडून देणाऱ्या नवऱ्याला कोणत्या न्यायालयात काही सिद्ध करावे लागत नसे.

एका तळटीपेचा वाद

आंतरराष्ट्रीय पातळीवर १७ डिसेंबर १९९१ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मनोरुग्णांच्या संरक्षणाची तत्त्वे मंजूर केली. ही तत्त्वे चांगली वागणूक, गुप्तता, किमान बंधने यांबद्दल बोलतात. पण संमतीशिवाय दाखल करणे आणि उपचार करणे, हे ती काही अटींवर मान्य करतात. ज्यांच्यासाठी ती लिहिली त्यांचा सहभाग त्यांच्या लेखनात नगण्य होता. ही उणीव पुढच्या प्रयत्नात भरून निघाली. डिसेंबर २००१ मध्ये, मेक्सिकोच्या पुढाकाराने, आमसभेने अपंगांच्या हक्कांच्या कराराचा मसुदा करण्यासाठी समिती नेमली आणि तिच्या बैठकांत अपंगांच्या संघटना, त्यांत मनोविकाराच्या उपचारांतून गेलेल्या लोकांची जागतिक संघटनाही, प्रत्यक्ष बोलू लागल्या.

या समितीत सर्वांत चिघळलेला वाद बाराव्या अनुच्छेदावर झाला. अपंग व्यक्तींना जीवनाच्या सर्व क्षेत्रांत इतरांच्या बरोबरीने ‘कायदेशीर पात्रता’ असते, असे हा अनुच्छेद सांगतो. ऑगस्ट २००६ मध्ये मसुदा मान्य झाला तेव्हा त्याला एक तळटीप जोडलेली होती : अरबी, चिनी आणि रशियन भाषांत ‘कायदेशीर पात्रता’ याचा अर्थ हक्क धारण करण्याची पात्रता असा घ्यावा, कृती करण्याची पात्रता असा नव्हे. म्हणजे जगाच्या एका भागातील मनोरुग्णाला स्वतःच्या घराचा करार करता येईल आणि दुसऱ्या भागातील मनोरुग्णाला फक्त घर नावावर ठेवता येईल. अपंगांच्या संघटनांनी याविरुद्ध मोहीम उघडली आणि डिसेंबरमध्ये अंतिम मंजुरीआधी ही तळटीप काढून टाकण्यात आली. १३ डिसेंबर २००६ रोजी करार संमत झाला.

तळटीप गेली तरी वाद गेला नाही. इजिप्तने करार स्वीकारताना खुलासा नोंदवला, त्यात ‘अहलियतुल वुजूब’ मान्य आणि ‘अहलियतुल अदा’ नाही, हे शब्दच वापरले आहेत. या खुलाशाला ‘इस्लामी भूमिका’ म्हणणे सोपे आहे आणि काही पाश्चात्त्य टीकाकारांनी तशी सोपी वाट धरलीही. वस्तुतः चिनी आणि रशियन भाषांचा उल्लेखच सांगतो की, हा भेद केवळ फिकहचा नाही. युरोपीय दिवाणी कायद्याच्या परंपरेतही तो आहे. तसेच फिकहमध्ये केवळ हा भेदच आहे असेही नाही. अबू हनीफा यांचा आक्षेपही त्याच परंपरेतला आहे. कोणत्या फकीहाचा हवाला द्यायचा हे शेवटी सरकारे ठरवतात, आणि सरकारांना वलीची सोय नेहमीच अधिक मानवते.

भारताने ३० मार्च २००७ रोजी स्वाक्षरी केली आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी कराराला मान्यता दिली. बाराव्या अनुच्छेदावर कोणताही खुलासा वा राखीव अट न घालता. ही गोष्ट विचारपूर्वक झाली की घाईने, यावर मतभेद आहेत. पण तिचे परिणाम दूरगामी ठरले. कारण करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २०१४ मध्ये पहिले सर्वसाधारण भाष्य काढून सांगितले की, मानसिक क्षमता कमी आहे म्हणून कायदेशीर पात्रता काढून घेता येणार नाही. निर्णय घ्यायला मदत द्यावी. निर्णय दुसऱ्याने घेऊ नये.

२००७ या वर्षाला आणखी एक महत्त्व आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्या वर्षी जागतिक मानसिक आरोग्यावर लेखमाला काढली आणि गरीब देशांतील बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, ही बाब पुढे आणली. या विचारधारेचे एक केंद्र गोव्यात होते. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंताविकार यांवर साहाय्य देण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर अभ्यासले गेले. दुसरी धारा पुण्यात होती. भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये ‘बापू ट्रस्ट’ सुरू केला. बापू हे त्यांच्या आईचे नाव. तिची आध्यात्मिक वृत्ती आजार ठरवून तिला मनोरुग्णालये दाखवली गेली होती. दावर यांचे म्हणणे असे की, ‘उपचारांची तूट’ मोजणारे लोक आधीच्या उपचारांनी कोणते घाव केले ते मोजत नाहीत. दर्गे, मठ, मंदिरे सरसकट बंद करण्यालाही त्यांनी विरोध केला. अनेक स्त्रियांना घराबाहेर श्वास घेण्याची तीच एक जागा असते, हे त्यांनी दाखवून दिले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

या दोन धारांत कोण बरोबर, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. नैराश्याने ग्रासलेल्या पेडण्याच्या बाईला समुपदेशक मिळणे हा हक्कच आहे. पण हक्काची भाषा फक्त ‘मिळण्या’पुरती ठेवली की मांडूचे दारुश्शिफा आणि आधुनिक कार्यक्रम यांत तत्त्वतः फरक उरत नाही. दोन्हीकडे देणारा ठरवतो.

२०१७ चा कायदा आणि त्यातील फट

कराराशी सुसंगत कायदे करण्याचे काम सुमारे दशकभर चालले. मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या मसुद्यासाठी पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य केंद्राचे साहाय्य घेतले गेले. आधी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला. नंतर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातील कलम ९५ नुसार कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास, तसेच मनोविकारावरचा उपचार म्हणून नसबंदी करण्यास मनाई आहे. एरवाडी आणि शिरूर यांचे पडसाद एकाच कलमात उमटलेले येथे दिसतात.

या कायद्याचा खरा नवेपणा मात्र कलम ४ आणि ५ मध्ये आहे. उपचारांबाबत निर्णय घेण्याची क्षमता प्रत्येक निर्णयासाठी वेगळी पाहावी लागते. मनोरुग्ण आहे म्हणून ती नाही, असे धरता येत नाही. बरा असताना माणूस आगाऊ निर्देश लिहून ठेवू शकतो : पुढे आजार उफाळला तर मला कोणते उपचार द्यावेत आणि कोणते देऊ नयेत. तो आपला प्रतिनिधीही स्वतः नेमू शकतो. तो नवरा, बाप वा भाऊच असला पाहिजे असे नाही. वलीची व्यवस्था ठाऊक असलेल्या वाचकाला यातला फरक चटकन कळेल : वली नात्याने ठरतो, प्रतिनिधी विश्वासाने.

तरीही हा कायदा करारापर्यंत पोचत नाही. ‘साहाय्यासह दाखल’ या नावाने संमतीविना दाखल करण्याची तरतूद कलम ८९ मध्ये आहे, आणि २०१६ च्या अधिनियमात मर्यादित पालकत्व आहे. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीने भारताचा अहवाल तपासताना या दोन्हींवर बोट ठेवले. तीव्र मनोविकाराच्या लाटेत स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाला घरच्यांनी काय करावे, याचे उत्तर समितीच्या भाष्यात समाधानकारक मिळत नाही, हा मनोविकारतज्ज्ञांचा आक्षेप वजनदार आहे. पण अपवादासाठी ठेवलेला दरवाजा नेहमीच्या वहिवाटीचा होतो, हा १९१२ पासूनचा अनुभवही तितकाच वजनदार आहे.

दर्ग्यांच्या बाबतीत २००२ च्या निर्देशांपेक्षा वेगळी वाट गुजरातेत निघाली. मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे हजरत सय्यद अली मीरा दातार यांचा दर्गा आहे. ‘हाजरी’साठी येणाऱ्यांत खानदेशापासून मुंबईपर्यंतचे मराठी भाषक पूर्वीपासून आहेत. तेथे २००८ च्या सुमारास ‘दवा-दुआ’ हा उपक्रम राज्य सरकारच्या साहाय्याने सुरू झाला. दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले आणि मुजावरांनाच प्रशिक्षण देण्यात आले, की दुआ करावी आणि रुग्णाला शेजारच्या खोलीत डॉक्टरकडेही पाठवावे. पुढे एरवाडीतही हा नमुना नेण्यात आला. श्रद्धेला धक्का न लावता उपचार देण्याचा हा मार्ग व्यवहार्य ठरला, असे म्हणायला हरकत नाही. पण तो सगळीकडे पोचलेला नाही. जानेवारी २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातील बदायूँच्या एका धर्मस्थळी साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाला हे अमानुष आहे असे पुन्हा सांगावे लागले.

इंडोनेशियाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तेथे ‘पासुंग’ म्हणजे मनोरुग्णाला लाकडी खोड्यात वा साखळीत घरीच अडकवून ठेवण्याची प्रथा आहे. १९७७ मध्ये तिच्यावर बंदी आली, २०१० मध्ये पासुंगमुक्तीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, २०१४ मध्ये मानसिक आरोग्याचा कायदाही आला. तरी प्रथा संपली नाही, कारण ती दर्ग्यात किंवा इस्पितळात नव्हे, परसदारी चालते. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने २०२० मध्ये सुमारे साठ देशांत अशा बांधून ठेवण्याचे पुरावे नोंदवले. भारतीय कायद्याची फटही नेमकी येथेच आहे. २०१७ च्या अधिनियमाच्या व्याख्येनुसार दर्ग्याजवळचे आश्रयगृह हे ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ ठरते, त्याला नोंदणी लागते, तपासणी लागते. पण रुग्ण जेथे नातेवाइकांबरोबर राहतो ते घर त्या व्याख्येतून वगळले आहे.

फिकहमध्ये ‘इफाका’ नावाची संकल्पना आहे. वेड अखंड नसेल, मधूनमधून माणूस शुद्धीवर येत असेल, तर त्या काळातले त्याचे व्यवहार ग्राह्य धरले जातात. १८७२ च्या करार अधिनियमातील कलम १२ हेच सांगते. २०१७ च्या अधिनियमाने त्याला कामकाजाचे रूप दिले : संमतीविना दाखल केलेल्या रुग्णाची निर्णयक्षमता दर सात दिवसांनी तपासावी लागते, आणि ती परत आली असेल तर त्याला पुढे तसे ठेवता येत नाही. इस्पितळात यासाठी डॉक्टर असतो, नोंदवही असते, वरती पुनर्विलोकन मंडळ असते. घरात सातव्या दिवशी ‘आता कसे वाटते, काय करायचे’ हे विचारणारा कोण, हे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही.